पळसटोलीच्या मंडईतलं इंग्रजी भाषण

गुणवंतराव जनबंधू गुरुजींनी 'रिस्पेक्टेड सर' एवढे दोन शब्द लिहिले, पेन खाली ठेवला आणि पहिल्याच दिवशी थकून गेले. थकवा लिहिण्याचा नव्हता. 'सर'च्या पुढे स्वल्पविराम द्यावा की उद्गारचिन्ह, यावरून त्यांचं सकाळपासून स्वतःशीच भांडण चालू होतं. स्वतःशी भांडताना गुरुजी नेहमी हरत, कारण दोन्ही बाजूंना व्याकरण पक्कं होतं.

"आयकता का जी," स्वयंपाकघरातून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "झालं का नाई भाषण? का साहेब येऊन जाईन तवा लिहान?"

"सुरुवात झाली आहे," गुरुजी म्हणाले. "सुरुवातच अवघड असते."

"कोनाची?"

"इंग्रजीची."

"मंग मराठीत लिहा ना. बोलता तं येते तुमाले."

आता हिला काय सांगायचं! दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे उतरतात, दिवसभर बाजार चालतो आणि रात्री नाटक होतं. पळसटोलीच्या मंडईला दरवर्षी पाहुणा म्हणून कधी सभापती, कधी फौजदार, आणि कोणीच नाही मिळालं तर नागभीडचा कापडदुकानदार येई. या वर्षी मात्र नागपूरहून शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार होते. त्यांच्याच टेबलावर पळसटोलीच्या शाळेचा कागद पडून होता. शाळा होती आठवीपर्यंत. नववीला मान्यता मिळाली तर शाळा वाढणार, आणि नाही मिळाली तर इंग्रजीची एक जागा कमी होणार. ती जागा कोणाची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गुणवंतराव 'सरप्लस' ठरणार आणि त्यांना एटापल्लीकडे पाठवणार, असं नागभीडच्या ऑफिसातून कोणीतरी ऐकून आलं होतं.

एटापल्ली वाईट आहे असं कोणी म्हणत नव्हतं. जंगल आहे, हवा आहे, माणसं सोन्यासारखी आहेत. पण पन्नाशीच्या माणसानं स्वतः बांधलेलं घर सोडून हवा खायला किती लांब जावं, यालाही काही मर्यादा आहे. शिवाय एटापल्लीकडचा गडचिरोली नवा जिल्हा झालेला. जिल्हे दोन झाले तरी सरप्लस मास्तराची धास्ती काही वाटून निम्मी झाली नव्हती. गुरुजींना घर सोडायचं नव्हतं. एवढीच गोष्ट होती, आणि ती त्यांनी कोणालाही उघडपणे सांगितली नव्हती.

आता भाषण इंग्रजीतच कशाला? तर त्याला कारण नथ्थूबाबू. नथ्थूबाबू तहसील कचेरीत कारकून. त्यांनी बातमी आणली की साहेब इंग्रजीचे भारी कडक आहेत. कुठल्याशा शाळेत स्वागताच्या भाषणात एक चूक झाली, तर साहेब चहा न घेता जीपमध्ये जाऊन बसले. कुठल्या शाळेत, हे नथ्थूबाबूंना सांगता आलं नाही. पण चहा अर्धा टाकला की पुरता टाकला हे मात्र त्यांनी इतकं खुलवून सांगितलं की गुरुजींचा विश्वासच बसला.

तसं पाहिलं तर या कामाला गुणवंतरावांसारखा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. इंग्रजी ही त्यांची नुसती नोकरी नव्हती, ती त्यांची इज्जत होती. बापानं लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी करून त्यांना शिकवलं होतं, आणि त्यांनी ते शिक्षण अंगाला लावून घेतलं होतं. त्यांचे नियम पक्के होते. 'अँड'नं वाक्य सुरू करायचं नाही. एका शब्दात होत असेल तर दोन वापरायचे नाहीत. वाक्य लांबलं की कापायचं. 'व्हेरी' म्हणणाऱ्या पोराला तर ते वर्गाबाहेर उभं करत, आणि तो पोरगा बाहेर उभा राहून बाकीच्यांना व्हेरी हॅपी दिसे. हे नियम ते घरातही लावत, तिथे मात्र त्यांचा निभाव लागत नसे.

"आणि बाजारातून मीठ आना," बाई म्हणत.

"'आणि'नं वाक्य सुरू करू नये."

"आणि साखर बी आना."

तर अशा या माणसानं तीन दिवसांत 'रिस्पेक्टेड सर'च्या पुढे पान भरत आणलं, आणि नेमक्या त्याच वेळी गावाला त्याची बातमी लागली. झाडीत कोणाच्या घरी पोरगी पाहायला पाहुणे आले तरी इतकी माणसं सल्ला द्यायला येत नाहीत, जितकी एका इंग्रजी कागदासाठी आली.

पहिले आले दादाजी. दादाजी रेल्वेतले निवृत्त गार्ड, आयुष्यभर छोट्या गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून नागभीडला ये-जा केलेला माणूस. इंग्रजीबद्दल त्यांचं मत एकच होतं.

"गुरुजी, इंग्रजी म्हंजे तार. तारेत कसं, शब्द वाढला का पैसा वाढला. साहेबाले टाइम नाई राहत. तुमी असं लिहा. वेलकम. नाइन्थ वाँटेड. रिप्लाय सून. झालं भाषण!"

"हे काय भाषण झालं?" गुरुजी चिडून म्हणाले.

"काऊन? चूक हाय का त्याच्यात?"

चूक नव्हती. गुरुजींचे सगळे नियम त्या तीन वाक्यांत जागच्या जागी बसले होते. एक शब्द जास्त नव्हता. 'अँड' नव्हता, 'व्हेरी' नव्हता. हेच गुरुजींना जास्त लागलं. पंचवीस वर्षं ज्या साधेपणासाठी पोरांच्या वह्या लाल केल्या, तो साधेपणा दादाजींनी बिडी ओढता ओढता तोंडी करून दाखवला, आणि तो ऐकायला मुळीच चांगला वाटत नव्हता.

मग संध्याकाळी नथ्थूबाबू आले. त्यांनी कागद हातात घेतला, तळहातावर तोलला आणि मान हलवली.

"हलकं हाय," ते म्हणाले. "साहेबाले हलकं इंग्रजी देल्लं तं साहेब आपल्यालेच हलकं समजते जी. 'आय बेग टू स्टेट' कुठी हाय? 'काइंड अँड सिंपथेटिक कन्सिडरेशन' कुठी हाय?"

"ते शब्द फालतू आहेत, बाबू. त्यांना अर्थ नाही."

"अर्थ कायले पायजे? टोपीले अर्थ असते का? पन बोडक्यानं कचेरीत जाता का तुमी?" नथ्थूबाबूंनी आवाज खाली आणला. "अन् नववीचं तं बिलकुल बोलू नका पयल्या पानावर. पयल्या पानावर मांगते तो मानूस कच्चा असते. आधी साहेबाची तब्बेत, मंग साहेबाचा मोठेपना, मंग शाळेचा इतिहास. मांगनं शेवटी, असं हळूच, झोपलेल्या पोराच्या अंगावरून दुपट्टा वढल्यासारखं."

गुरुजींनी नाही नाही म्हटलं आणि तीन ओळी घातल्या. माणूस कितीही नियमाचा असला तरी एटापल्लीची बस डोळ्यांपुढे उभी राहिली की नियम जरा सैल होतात. पण मनाला लागून राहिलं. म्हणून त्यांनी त्या ओळींच्या मध्ये, बारीक अक्षरात, मराठीत स्वतःसाठी शेरे लिहून ठेवले. 'हे वाक्य नथ्थूबाबूचे, माझे नव्हे.' 'हा शब्द फालतू आहे, काढावा.' 'इथे दम घ्यावा.' एक परिच्छेद फारच लांबला तेव्हा त्याच्याखाली लिहिलं, 'साहेब पेंगत असल्यास हे गाळावे.' ही त्यांची कामाची जुनी पद्धत होती. कच्च्या कागदावर मनातलं सगळं उतरवायचं, मग पक्क्या कागदावर स्वच्छ नक्कल करायची.

इंग्रजी सगळं देवनागरीत लिहिलं होतं, कारण भाषण द्यायच्या वेळी घाई होते, डोळ्यांना चष्मा, आणि मंडपात दिवे कमी. भाषण आपणच देणार, हे गुरुजींनी गृहीत धरलं होतं. पळसटोलीत इंग्रजी दुसरा कोण बोलणार?

शेवटचं एक वाक्य राहिलं होतं. मुद्द्याचं. आम्हाला नववी द्या. हे इंग्रजीत काही केल्या उतरेना. 'वी वाँट' म्हणावं तर उद्धटपणा वाटे. 'इट इज रिक्वेस्टेड' म्हणावं तर कोण मागतोय तेच कळेना. 'काइंडली' घालावं तर नथ्थूबाबू जिंकल्यासारखं वाटे. शेवटी त्यांनी तिथे मराठीतच लिहून ठेवलं, 'मुद्दा एवढाच की आम्हाला नववी द्या. इंग्रजीत कसे घालावे ते पाहणे.' पाहायला मंडईच्या दिवशीची दुपार मोकळी होती.

मंडईच्या दुपारी लटारूभाऊ आला. लटारूभाऊ म्हणजे धानाचा मोठा शेतकरी आणि गावच्या नाटकाचा कायमचा राजा. दारातून आत आला तेव्हा अंगात जरीचा झगा, तोंडाला रंग, ओठावर काळी मिशी, आणि कमरेला पत्र्याची तलवार होती. रात्रीच्या नाटकाची तयारी त्यानं दुपारीच करून ठेवली होती.

"द्या गुरुजी," तो म्हणाला.

"काय?"

"भाषण. साहेब नागभीडले उतरले म्हनते."

"भाषण मी देणार आहे, लटारूभाऊ."

लटारूभाऊला वाईट वाटलं, गुरुजींबद्दल. "असं कसं म्हनता जी? ज्याच्या बांधीत मंडप, त्याचं भाषण. पयलेपासून चालत आलं हाय. आवंदा मंडप माह्या बांधीत हाय. धान कापून जागा साफ करून देल्ली म्या, अन् बोलान तुमी?"

रीत खरी होती. गावात ती शेंबड्या पोरालाही माहीत होती. एकट्या गुणवंतरावांच्या डोक्यातून ती निघून गेली होती, कारण डोक्यात स्वल्पविराम होता.

"पण इंग्रजी आहे ते!" गुरुजी जवळजवळ ओरडले. "तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"मले राजा व्हता येत व्हतं का?" लटारूभाऊ शांतपणे म्हणाला. "झालो ना? रामाजी हाय न पडद्यामांगं."

आता रामाजीबद्दल सांगितलं पाहिजे. रामाजी धंद्यानं सुतार, पण मंडईच्या दिवसांत प्रॉम्प्टर. आमच्या झाडीत नाटकाच्या तालमी करायची पद्धत नाही. धानाची कापणी सोडून तालमीला येणार कोण? नट थेट रंगमंचावर येतो, रामाजी विंगेतून वाक्य देतो, आणि नट ते उचलून गर्जतो. यात दोघांचेही धर्म ठरलेले आहेत. प्रॉम्प्टरनं कागदावर जे असेल ते द्यायचं, आपलं डोकं लावायचं नाही. नटानं कानावर जे पडेल ते म्हणायचं, थांबायचं नाही. या दोन धर्मांवर पळसटोलीत आजवर किती राजे मेले आणि किती राण्या विधवा झाल्या, त्याला गणती नाही, पण नाटक कधी अडलं नाही.

"मला एक तास द्या, मी स्वच्छ नक्कल करून देतो," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. लटारूभाऊनं पाटावरचा कागद उचलला, झग्यात खुपसला आणि तलवार सावरत निघाला. गुरुजी चपला शोधत मागून धावले. मंडपात पोचले तेव्हा कागद रामाजीच्या हातात होता. मधल्या मराठी ओळी वाचू नका, एवढंच सांगायचं होतं. पण इंग्रजीच्या मास्तरानं सुताराला कसं सांगायचं, की पंधरा दिवस खपून माझा कागद कच्चाच राहिला? चारचौघांत? दादाजी तिथेच उभे होते, नथ्थूबाबू तिथेच उभे होते. गुरुजींनी शर्टाची बटणं लावली, घसा साफ केला आणि काहीही न बोलता पहिल्या रांगेत जाऊन बसले. मराठीतले शेरे आहेत, शहाण्या माणसाला कळेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

साहेबांना मंडपामागेच रस्सा वाढला, मग हार घातला. साहेब जाडसर, थकलेले गृहस्थ होते. सकाळपासून ही त्यांची तिसरी मंडई होती आणि तिन्हीकडे जेवण झालं होतं. खुर्चीत बसताच त्यांचे डोळे मिटायला लागले. संध्याकाळ होत होती, मंडप गच्च भरला होता, बाया पोरं घेऊन समोर बसल्या होत्या. भोंगा झाडावर बांधलेला, त्यामुळे मंडपात बोललेलं शेजारच्या गावातही ऐकू जात होतं.

राजाच्या वेषात लटारूभाऊ पुढे आला. तलवार उपसली, साहेबांना लवून मुजरा केला आणि गर्जला, "रिस्पेक्टेड सर!"

टाळ्या पडल्या. गुरुजींचा जीव जरा खाली आला. उद्गारचिन्हच बरोबर होतं, हे त्यांना त्या क्षणी पटलं.

"आय बेग टू स्टेट!" लटारूभाऊनं छातीवर हात मारला. मग कान विंगेकडे केला आणि तितक्याच जोरात म्हणाला, "हे वाक्य नथ्थूबाबूचे! माझे नव्हे!"

लोक हसले. नथ्थूबाबू उठून उभे राहिले. आपला सत्कार झाला की अपमान, हे न कळल्यामुळे त्यांनी नमस्कार केला आणि खाली बसले.

गुरुजी बसल्या जागी अर्धे उठले. त्यांनी विंगेकडे हात हलवले. रामाजीला वाटलं, गुरुजी म्हणतायत आवाज वाढवा. त्यानं वाढवला.

"युवर काइंड अँड सिंपथेटिक!" लटारूभाऊनं तलवारीचं टोक सरळ साहेबांवर रोखलं. "हा शब्द फालतू आहे! काढावा!"

"वन्स मोअर!" मागून कोणीतरी ओरडलं.

आता झाडीतल्या नाटकाला 'वन्स मोअर' म्हणजे देवाची आज्ञा. मिळाला की पुन्हा म्हणावंच लागतं, आणि वन्स मोअर घेतलेलं वाक्य कोणाला मागे घेता येत नाही, अशीही रीत आहे. लटारूभाऊनं पुन्हा म्हटलं, या वेळी एक गिरकी घेऊन. साहेबांनी डोळे किलकिले केले. समोर तलवार घेतलेला राजा त्यांना फालतू म्हणत होता. स्वप्न असेल असं समजून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

मग तो लांबलेला परिच्छेद आला. शाळेचा इतिहास, धरतीचा भूगोल, शिक्षणाचं महत्त्व. लटारूभाऊला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यानं त्यात असं रौद्ररूप दाखवलं की पुढच्या रांगेतलं एक पोरगं रडायला लागलं. आणि परिच्छेद संपला तेव्हा सुस्कारा सोडून, अगदी करुण सुरात, तो म्हणाला, "साहेब पेंगत असल्यास हे गाळावे."

मंडप कोसळायचाच बाकी राहिला. हसता हसता बायांनी तोंडाला पदर लावले. दादाजींच्या हातातून बिडी पडली. साहेब खडबडून जागे झाले. पेंगणारा साहेब आपणच, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते एकदम ताठ बसले आणि समोरचा हार नीट करू लागले.

गुणवंतरावांना वाटलं, आता धरणी दुभंगावी. घर गेलं. नोकरी गेली. आणि जाता जाता अब्रूही गेली, तीही भोंग्यावरून. एटापल्लीलासुद्धा आता आपल्याला कोणी घेणार नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर त्या माणसाला तिथेच रडू यायला लागलं.

"मुद्दा एवढाच," लटारूभाऊ म्हणत होता, आणि आता मात्र त्याचा आवाज बदलला. किती वेळानं एक वाक्य त्याच्या स्वतःच्या मनातलं आलं होतं. त्यानं तलवार म्यान केली. "मुद्दा एवढाच, की आम्हाला नववी द्या."

हसणाऱ्यांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. मग बायांच्या बाजूनं, जिथे आठवीतून घरी बसवलेल्या पोरींच्या आया बसल्या होत्या, तिथून हाक आली, "वन्स मोअर!"

"आम्हाला नववी द्या!"

"वन्स मोअर!" आता सगळा मंडप उठला होता.

किती वेळा झालं, कोणी मोजलं नाही. 'इंग्रजीत कसे घालावे ते पाहणे' हे रामाजीनं दिलेलं पुढचं वाक्य त्या गलक्यात बुडालं, हे गुरुजींचं नशीब.

शेवटी साहेबांना बोलायला उभं केलं. साहेब माईकजवळ आले, घसा खाकरला. "पळसटोलीकरांच्या मागणीचा शासन योग्य त्या वेळी सहानुभूतीपूर्वक..." एवढं बोलून ते थांबले. पुढचा शब्द सापडत नव्हता की पोटातली तीन जेवणं वर येत होती, कोण जाणे. समोर हजारो डोळे. बाजूला मिशीवाला राजा हात बांधून उभा.

आणि विंगेत रामाजी. रंगमंचावर माणूस अडला आहे, हे त्याला दिसलं. असं दिसल्यावर प्रॉम्प्टरनं हातावर हात ठेवून बसायचं नसतं. कागदावर पुढे काही नव्हतं, म्हणून रामाजीनं नाटकात राजानं प्रजेला म्हणायचं असतं ते साधं वाक्य, स्पष्ट आवाजात पुढे सरकवलं.

"जा! देल्ली तुमाले नववी!"

माणसाच्या कानात आयतं वाक्य पडलं की ते तोंडातून कसं निघून जातं, हे ज्यानं झाडीतलं नाटक पाहिलं त्यालाच कळेल. साहेबांचा हात आपोआप वर गेला. "जा!" साहेब भोंग्यावरून म्हणाले. "दिली तुम्हाला नववी!"

आपण काय बोललो हे कळून साहेबांनी माईककडे संशयानं पाहिलं, पण तोवर उशीर झाला होता. "वन्स मोअर!" असा गलका झाला की झाडावरचे बगळे उडाले. साहेबांना पुन्हा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा म्हणताना तर ते हसत होते, आणि चौथा वन्स मोअर कोणी मागितलाच नव्हता, तो त्यांनी आपल्याच खुशीनं दिला. लेखी हुकूम आला तो पुढे उन्हाळ्यात. पण पळसटोलीत नववी सुरू झाली ती त्या संध्याकाळी, यात गावात दुमत नाही.

"तुमी मधातच कसं बोललं?" नथ्थूबाबूंनी नंतर रामाजीला विचारलं.

"पात्र अडलं, वाक्य देल्लं," रामाजी म्हणाला. "माहं कामच हाय ते."

"अन् ते मराठी कायले वाचलं?"

"इंग्रजीतलं कायबी समजत नोव्हतं जी. मराठी आलं का वाटे, हे असन खरं भाषण."

चहाच्या वेळी साहेबांनी भाषण लिहिणाऱ्याला बोलावलं. गुणवंतराव पुढे झाले. साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"फार सुंदर भाषण, गुरुजी. कित्येक वर्षांत असं भाषण ऐकलं नाही. फक्त एक सुचवू?"

"सुचवा ना सर," गुरुजी म्हणाले. इतक्या दिवसांनी एक जाणकार भेटला होता.

"मध्ये मध्ये ते इंग्रजी घातलं नसतं तर आणखी रंगलं असतं."

गुरुजी बांधावरून घरी निघाले तेव्हा मागे मंडपात नाटकाची घंटा वाजत होती. अन्नपूर्णाबाई बरोबर चालत होत्या. वाटेत भेटेल तो लटारूभाऊच्या अभिनयाची तारीफ करत होता, रामाजीच्या आवाजाची तारीफ करत होता. गुणवंतरावांच्या इंग्रजीबद्दल एक माणूस एक शब्द बोलला नाही.

"राहलो ना आपून इथंच?" बाईंनी विचारलं. "एटापल्ली नाई ना?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "राहिलो."

"मंग तोंड काऊन पाडलं?"

गुरुजी उत्तर देणार तेवढ्यात शेजारच्या गिरजाबाईच्या अंगणाजवळ बाई थांबल्या आणि कुंपणावरून आत वाकून पाहू लागल्या. आत कोंबड्या होत्या. अंधारात नीट दिसत नव्हतं, पण त्यातला तांबडा कोंबडा गुरुजींनी लगेच ओळखला.

"हा आपला कोंबडा इथे काय करतोय?"

बाई कुंपणापासून मागे सरल्या.

"अन्नपूर्णा?"

"देऊन टाकल्या म्या कोंबड्या गिरजाबाईले. परवाच. एटापल्लीले कुठी नेता कोंबड्या? बसमंधी घेत नाई म्हनते." बाईंनी पदर सारखा केला. "उद्या मांगून आनतो. एक पांढरी मातर नाई भेटनार. ते आज साहेबाच्या रश्शात गेली."

गुणवंतराव वाटेतच उभे राहिले. गावानं पाठ फिरवली ते सोसता आलं असतं. साहेब बोलले तेही गिळलं होतं. पण हे!

"म्हणजे भाषण व्हायच्या आधीच? तुला माझ्या इंग्रजीवर एवढाही विश्वास नव्हता?"

"इंग्रजीवर नोव्हता," बाई म्हणाल्या. "तुमच्यावर होता. म्हनून तं कोंबड्याच देल्ल्या. गाय नाई देल्ली."